‘सेवागी’ वाचू नका: साडेतीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पत्र कसं उलगडावं

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण मोडी वाचायला एकत्र बसतो. मोडी मी निवृत्तीनंतर शिकले. त्याआधी चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. त्यामुळे कुणाच्या हाती सुरतेच्या किंवा राजापूरच्या इंग्रज वखारीतलं एखादं पत्र लागलं की ते आपोआप माझ्यापुढे येतं. गेल्या पावसाळ्यात गटातला एक मुलगा अशाच पत्राचं झेरॉक्स घेऊन आला. पत्र सुरतेच्या लुटीबद्दलचं होतं आणि वर साल स्पष्ट होतं, जानेवारी १६६३. ‘बाई, सगळी पुस्तकं चुकली आहेत. लूट एक वर्ष आधी झाली होती,’ तो म्हणाला. हात थरथरत होते त्याचे.

पुस्तकं बरोबर होती, आणि पत्रही बरोबर होतं. त्या दिवशी दोन तास मी त्याला जे समजावलं, ते इथे नीट मांडते आहे. शिवकाळाचा अभ्यास करणाऱ्या पुष्कळांना फारसी आणि मोडीची भीती वाटते, इंग्रजी मात्र ‘आपल्याला येतं’ असं वाटतं, आणि पाय नेमका तिथेच घसरतो. १५०० ते १७०० या काळातलं इंग्रजी ही ओळखीच्या चेहऱ्याची अनोळखी भाषा आहे. तिच्यात जे जे खटकतं त्याला चूक म्हणून ओलांडू नका. प्रत्येक खटकणाऱ्या जागी थांबून विचारा: तेव्हा इंग्लंडात माणसं कुठून कुठे चालली होती, कोण वर चढत होतं, कोण कुणाला घाबरत होतं?

पत्र हातात आलं की सगळ्यांत आधी तारीख पाहा. इंग्लंडात तेव्हा नवं साल १ जानेवारीला लागत नसे, २५ मार्चला लागे. म्हणजे आपली जानेवारी १६६४ ही त्या वखारवाल्याच्या लेखी अजून १६६३ च. काही लेखक काळजी घेऊन १६६३/४ असं दुहेरी साल घालत, सगळे घालत नसत. शिवाय दिवसांचाही फरक आहे. पोप तेराव्या ग्रेगरीनं १५८२ साली पंचांग सुधारलं. पण इंग्लंड तोवर पोपशी भांडून वेगळं झालेलं होतं. गणित बरोबर असलं तरी ते रोमहून आलं, म्हणून इंग्लंडनं १७५२ पर्यंत ते घेतलं नाही. सतराव्या शतकात हा फरक दहा दिवसांचा होता. शेजारी गोव्यात पोर्तुगीज नवं पंचांग पाळत होते, मुंबई-सुरतेचे इंग्रज जुनं. राज्याभिषेकाची आपण पाळतो ती ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पंचांगातली. नव्या पंचांगानं तो दिवस १६ जूनचा येतो. त्या सोहळ्याला हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन जुन्या पंचांगानंच नोंदी करत होता. तेव्हा वहीत दोन रकाने पाडा, एक पत्रातल्या तारखेचा आणि एक आजच्या तारखेचा. ही सवय लागली की पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

आता मजकूर. तो डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा. मोडीत आपण हेच करतो. ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नसतो, शब्द तोडलेले नसतात, पण ओळ कानावर पडली की अर्थ सापडतो. या इंग्रजीचंही तसंच आहे. एकाच पानावर एकच शब्द दोन स्पेलिंगांनी येतो, कारण स्पेलिंग एकच असलं पाहिजे ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. डॉ. जॉन्सनचा मोठा इंग्रजी कोश १७५५ चा. वखारीत बसून लिहिणारा माणूस व्यापारी घरातला, कानानं लिहिणारा. छापखान्यात अक्षरं जुळवणारे हळूहळू एका वळणावर येत होते, हातानं लिहिणाऱ्यांना तशी काही घाई नव्हती.

छपाईमुळे काय झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं एक प्रसंग सांगितला आहे. लंडनचे काही व्यापारी जहाजानं निघाले होते. वारा पडला म्हणून वाटेत किनाऱ्यावर उतरले. त्यांतल्या एकानं एका घरात खायला मागितलं, आणि मुख्यतः ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! मग दुसऱ्यानं ‘आयरेन’ मागितली, तेव्हा कुठे तिला कळलं. ‘आयरेन’ हा मूळचा इंग्रजी शब्द आणि ‘एग्ज’ हा उत्तरेत स्थायिक झालेल्या व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला. कॅक्स्टनचा प्रश्न अगदी खरा होता: छापायचं तर कुठला शब्द छापू? मराठी पाठ्यपुस्तकात कुठली मराठी घालायची यावर आपण अजून वाद घालतो, त्याच जातीचा हा प्रश्न. उत्तर शेवटी लंडननं दिलं, कारण दरबार, कोर्ट, बाजार आणि छापखाना सगळं तिथे होतं. १५०० च्या सुमारास लंडनची वस्ती साधारण ५० हजार होती, १६०० ला २ लाखांच्या आसपास गेली आणि १७०० ला सुमारे ५ लाख झाली. ही सगळी माणसं खेड्यांतून आली आणि येताना आपापली बोली घेऊन आली.

पण छपाई आली तीच उच्चार बदलाच्या ऐन मध्यावर. इथे थोडा वेळ थांबू या, कारण मला स्वतःला सगळ्यांत प्रिय असलेली गोष्ट हीच आहे. १४०० च्या सुमाराचा इंग्रज ‘नेम’ या शब्दाला ‘नामं’ म्हणत असे. हो, आपलं नाम. ‘माउस’ला ‘मूस’ म्हणत असे, आणि शेजारी आपला मूषक. ‘नाइट’ म्हणजे रात्र, तिचा उच्चार ‘निख्त’, आणि संस्कृतात नक्त. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. आ चा ए झाला, ए चा ई झाला, ई चा आइ झाला, ऊ चा आउ झाला. १३४८ च्या महामारीनंतर माणसं गावं सोडून शहरात आली, बोली एकमेकींत मिसळल्या आणि वर चढणारे लोक वरच्यांसारखं बोलू लागले, त्याच्याशी अनेक अभ्यासक या बदलाचा संबंध जोडतात. छपाईनं स्पेलिंग जुन्या उच्चारावर गोठवत आणलं आणि उच्चार पुढे निघून गेला. विद्यार्थी मला वर्षानुवर्षं विचारत, ‘बाई, लिहायचं एक आणि वाचायचं दुसरं, असं का?’ त्याचं उत्तर हे.

आता याचा उपयोग पाहा. वखारीच्या पत्रांत शिवाजी महाराजांचं नाव बहुधा एस, ई, व्ही, ए, जी, ई, ई असं येतं. आपल्याकडे चांगले चांगले वाचक ते ‘सेवागी’ असं वाचतात. तसं वाचू नका. इंग्रजीत ई आधी जी आला की त्याचा बऱ्याचदा ज होतो. नॉर्मन राजवटीत फ्रेंच लेखनिकांकडून आलेली ही रीत आहे, ‘जेंटल’ शब्दात आहे तशी. शेवटचे दोन ई सतराव्या शतकात ‘ई’ असे उच्चारले जात. तीनशे वर्षं आधी त्याच दोन ई चा उच्चार लांब ‘ए’ झाला असता. म्हणजे लिहिणाऱ्याच्या कानावर पडलं ते ‘सेवाजी’. त्यानं जे ऐकलं ते त्याच्या काळाच्या नियमानं अगदी चोख लिहिलं. तो नाव बिघडवत होता असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. गावांची नावंही अशीच सोडवा: आधी मोठ्यानं म्हणा, मग नकाशा उघडा.

हस्ताक्षरातल्या काही खुणा पाठच करून टाका. वाय आणि ई असं दिसलं तर ते ‘ये’ नसतं, ‘द’ असतं. ‘थ-द’ साठी इंग्रजीत थॉर्न नावाचं एक जुनं अक्षर होतं. ते लिहिता लिहिता वायसारखं दिसू लागलं, आणि युरोपातून आणलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते नव्हतंच. डब्ल्यू, सी आणि वर छोटा एच म्हणजे ‘विच’. मोडीत आपण ‘राजश्री’साठी नुसता ‘रा’ लिहितो, तसंच हे. यू आणि व्ही, आय आणि जे यांची अदलाबदल होते. शब्दाच्या मधला एस लांबुडका असतो आणि एफसारखा दिसतो. यापुढे शिकण्यासारखं फार नाही, चार पानं वाचली की डोळा बसतो.

क्रियापदांकडे मात्र लक्ष द्या. ‘हॅज’च्या जागी ‘हॅथ’, ‘डझ’च्या जागी ‘डथ’ भेटेल. शेवटी ‘थ’ लागणारी रूपं दक्षिणेची, ‘स’ लागणारी उत्तरेची. उत्तरेकडची माणसं लंडनला आली तशी ‘स’ बोलण्यात रुळली. लिखाणात, आणि त्यातही भारदस्त लिखाणात, ‘थ’ बराच काळ टिकली. १६११ चं राजा जेम्सच्या आज्ञेनं झालेलं बायबल सगळं ‘थ’नं भरलेलं आहे, आणि आपण त्याला जुनं म्हणतो तसं ते छापलं तेव्हाही कानाला थोडं जुनंच लागत असणार. पत्रात एकच माणूस हिशोबाच्या ओळीत ‘स’ आणि साहेबाच्या विनवणीत ‘थ’ वापरू लागला, तर त्यानं तिथे अंगरखा नीट केला असं समजा.

आता तू आणि तुम्ही. मराठी माणसाला हे समजावून सांगावंच लागत नाही, आणि इथेच आपण आजच्या इंग्रज वाचकाच्या पुढे आहोत. त्या काळात इंग्रजीत ‘दाउ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. मुलाला, नोकराला, जिवलगाला आणि देवाला ‘दाउ’, वडिलांना आणि मालकाला ‘यू’. १६०३ मध्ये विंचेस्टरला वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्या अंगावर ओरडला, ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर.’ आपल्या भाषेत, ‘तुला मी अरेतुरेच करणार, राजद्रोह्या!’ सरदाराला चारचौघांत अरेतुरे म्हणजे थोबाडीत मारल्यासारखंच. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथानं उलटी वाट धरली. देवापुढे सगळे सारखे, म्हणून न्यायाधीशालाही ‘दाउ’ म्हणायचं आणि टोपीही काढायची नाही. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. एका सर्वनामासाठी माणसं तुरुंगात गेली, हे वर्गात सांगताना माझा आवाज नेहमी बदलायचा.

मग ‘तू’ गेलं कुठे? शहरात समोरचा कोण हे कपड्यांवरून ओळखू येईनासं झालं. कालचा शिकाऊ पोरगा आज जहाजांत हिस्सा असलेला व्यापारी. चुकून अरेतुरे होण्यापेक्षा सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हटलेलं बरं, असं होत होत ‘दाउ’ बोलण्यातून मागे पडलं, प्रार्थनेत आणि काही बोलींत उरलं. वखारीच्या व्यवहारी पत्रात ते सहसा सापडणार नाही. सापडलंच तर पेन्सिलीनं गोल करा. तिथे राग असेल, जवळीक असेल किंवा देव असेल.

शब्दांचा प्रकार सगळ्यांत फसवा. अवघड शब्द अडवतात, म्हणून आपण कोश उघडतो. सोपे शब्द अडवत नाहीत आणि सरळ चुकीच्या गावी नेतात. ‘प्रेझेंटली’ म्हणजे तेव्हा ‘ताबडतोब’. आज आपण ‘थोड्या वेळानं’ किंवा ‘सध्या’ समजतो. एखाद्या सैन्याच्या हालचालीबद्दल तो शब्द आला तर अख्खी मोहीम उलटीपालटी होईल. ‘मीट’ म्हणजे कुठलंही खाणं, कॅक्स्टनच्या गोष्टीतला व्यापारीही आधी ‘मीट’च मागतो. ‘वाँट’ म्हणजे बहुधा ‘हवं असणं’ नव्हे, ‘कमी पडणं’. ‘पावडर वाँट आहे’ म्हणजे दारूगोळा कमी पडतोय. ‘लेट’चा अर्थ कधी ‘करू देणं’, कधी नेमका उलटा, ‘अडवणं’. ‘डाउट’ म्हणजे पुष्कळदा ‘भीती वाटणं’. ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे वागणूक. आणि ‘फॅक्टरी’ म्हणजे कारखाना मुळीच नव्हे, ‘फॅक्टर’ म्हणजे कंपनीचा मुनीम जिथे राहतो ती वखार. माझा नियम साधा आहे: वाक्य कळलं पण मुद्दा पटला नाही, तर त्यातला सगळ्यांत सोपा शब्द संशयित धरा आणि जुने अर्थही देणाऱ्या मोठ्या कोशात तो बघा.

लॅटिनी शब्दांचा पूर आला तोही याच काळात. ग्रीक-लॅटिन विद्या नव्यानं शिकली जात होती, पुस्तकांची भाषांतरं होत होती आणि इंग्रजीत शब्द पुरत नव्हते. काहींना याचा संताप आला. टॉमस विल्सननं १५५३ साली अशा जड शब्दांनी खच्चून भरलेलं एक पत्र थट्टेसाठी छापलं. त्यात ‘सेलिब्रेट’, ‘मन्डेन’, ‘डेक्स्टेरिटी’ हे शब्द आहेत, आज कुणाला हसू येणार नाही असे. केंब्रिजचा जॉन चीक म्हणाला, सदा उसनं घेऊन कधीच न फेडणाऱ्या घराचं दिवाळं निघेल, तेव्हा इंग्रजी स्वच्छ ठेवा. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या भाषांतरात त्यानं शंभरांच्या नायकासाठी घरचा शब्द घडवला, ‘हंड्रेडर’. तो टिकला नाही. आपल्याकडे राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही लोकांनी घेतले, काही कोशातच राहिले. चीकची तळमळ मला त्यामुळे परकी वाटत नाही. पंडितांच्या हौसेच्या खुणा स्पेलिंगातही उरल्या. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ शब्द आधी बी शिवाय लिहीत. लॅटिन मूळ दिसावं म्हणून त्यात बी घुसवला, तो आजही मुका बसून आहे. एवढे नवे शब्द आले की ज्यांना लॅटिन शिकवलेलंच नाही त्यांनी काय करायचं? १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीनं सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा छोटा कोश काढला आणि तो बायकांसाठी व इतर अशिक्षितांसाठी आहे असं नावातच लिहिलं. हा इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश मानतात. शाळेची दारं बंद असलेल्या बायका वाचत होत्या, हे मला त्या एका ओळीतून कळलं.

वखारीच्या पत्रात तिसऱ्याच प्रकारचे शब्दही असतात. आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या आधी शंभर वर्षं पोर्तुगीज होते, व्यवहाराची भाषा त्यांची होती. म्हणून ‘जेंटू’ म्हणजे हिंदू, ‘पिऑन’ म्हणजे पायदळाचा शिपाई, ‘कास्ट’ म्हणजे जात, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस आपला मुंगूसही इंग्रजीत शिरला, आणि तिथेच राहिला.

सरावाला पहिलं पत्र मात्र सुरतेचं घेऊ नका. गोव्याहून १० नोव्हेंबर १५७९ रोजी एका इंग्रजानं वडिलांना लिहिलेलं पत्र घ्या. रिचर्ड हॅक्लूटनं प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापलं, म्हणून सहज मिळतं, आणि हस्ताक्षराशी झगडावं लागत नाही. लिहिणारा टॉमस स्टीफन्स. पंचांग सुधारायच्या तीन वर्षं आधीचं पत्र, त्यामुळे तारखेची अडचण नाही. सुरुवातीलाच तो रोजचा आशीर्वाद मागतो. ‘डेली’ आणि ‘ड्यूटी’ ही दोन स्पेलिंगं शोधा, दोन्ही आजच्यापेक्षा वेगळी आहेत. वडिलांना तो ‘यू’ म्हणतो, ते खुणेनं नोंदवा. मग ‘ओबीडियन्स’ या शब्दावर थांबा. घर सोडण्याचं कारण एका शब्दात सांगायचं तर आज्ञापालन, एवढंच तो लिहितो. हा माणूस कॅथलिक, जेझुइट या धर्मसंघातला, आणि मागे एलिझाबेथ राणीचं प्रॉटेस्टंट इंग्लंड. त्याआधी प्रॉटेस्टंट विचारांच्या विल्यम टिंडलनं बायबलचा नवा करार इंग्रजीत आणला, १५२६ मध्ये परदेशात छापला आणि दहा वर्षांनी त्यासाठी जीव दिला. पुढे वारं फिरलं आणि देश सोडायची पाळी कॅथलिकांवर आली. उघड लिहिलं असतं तर घरच्यांना त्रास झाला असता, असं मला तो एकटा शब्द वाचताना दर वेळी वाटतं.

तिथून पुढे प्रवास आहे. ४ एप्रिलला लिस्बनहून निघाले, २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. मासे, पक्षी, वारे, आजारपण, सगळं आहे. सावकाश वाचा, रोज एक परिच्छेद, मोठ्यानं. आणि वाचताना एवढं ध्यानात ठेवा की हाच स्टीफन्स पुढे इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली गोव्यात राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापलं गेलं. मराठीला हरळांमधली रत्नकिळा, म्हणजे खड्यांमधलं झळकतं रत्न, म्हणणारा तो हाच. पत्र संपलं की त्या ओव्या काढा आणि त्याही मोठ्यानं म्हणा.